समोरच्याचं सैन्य

प्रिय अण्णा,

तुमचे हत्ती माझ्याकडे आहेत. सगळेच्या सगळे. सोंडेवर पांढरा डाग असलेला म्हातारा आहे, आणि ज्याचा माहूत दर दोन डावांनी खाली पडतो तोही आहे. लगाम न लावता घोडे उडवणारं घोडदळ आहे, गोफणवाले आहेत, भाडोत्री पायदळ आहे. दुकानदारानं तुम्हाला सैन्य गेलं एवढंच कळवलं असेल. कोणाकडे गेलं ते सांगू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं, कारण ते मला स्वतः कळवायचं होतं. आणि तुम्हाला तर्क करत बसायला नको म्हणून सरळच सांगतो: मला रविवारी दुपारी पुन्हा तुमच्याशी खेळायचं आहे. तुमची लेक आणि मी वेगळे झालो तेव्हापासून आपण एकदाही समोरासमोर बसलेलो नाही. आता ते जमेल की नाही हे मला माहीत नाही. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, फक्त मला काहीही थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्ही जाणताच.

मी त्या दुकानात सैन्य बघायला गेलो नव्हतो. शेजारच्या किराणावाल्याचा वजनकाटा रोज थोडं थोडं खोटं बोलायला लागला होता, म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. काटा उघडला, आतली मुंगी काढली (मुंगीच होती, तीही मेलेली), वजनं ठेवून तपासला, सील लावलं आणि हात पुसत बाहेर आलो. सवयीनं खेळातले छोटे शिपाई विकणाऱ्या मॉडेलवाल्याच्या काचेत डोकावलो. तर समोर आपले हत्ती. मी लांबूनच ओळखले, कानांवरून. तुम्हाला आठवत असेल, विकत आणलेले हत्ती लहान कानांचे होते. कार्थेजचे हत्ती आफ्रिकेचे, अंगानं लहान पण कानांनी मोठे. मी म्हटलं होतं, चुकीच्या जातीचे हत्ती मी तरी रंगवणार नाही. मग पुट्टीचे कान करायला बसलो. पहिले तीन जोड कोबीच्या पानांसारखे झाले आणि तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "जावईबापू, हे ऐकायचे कान आहेत की धान्य पाखडायची सुपं?" मी चिडून तिन्ही जोड कातरून टाकले. चौथ्या जोडाला तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं त्यांच्याकडे पाहत बसलात, तेव्हा मला कळलं की जमलं.

दुकानदार नवा आहे, तरुण आहे, कपाळावर भिंग अडकवून बसतो. मला आत ओढून म्हणाला, "काका, हे बघा तुम्ही. काय हात आहे. झालरीतला एकेक दोरा वेगळा काढलाय. आता असं कोण रंगवतं?" मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला किती जड जातं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? झालरीतला दोरा वेगळा काढायला तीन केसांचा कुंचला लागतो आणि श्वास सोडल्यावर, पुढचा घ्यायच्या आत, रेघ मारावी लागते, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी स्वतः चुकत चुकत शिकलो. एरवी हे मी त्याला खुर्चीवर बसवून सांगितलं असतं. पण त्यानं पुढे सांगितलं की हे विकायला एक आजोबा स्वतः आले होते, आणि एकच अट घालून गेले, की काचेत मांडून ठेवणाऱ्याला हे द्यायचं नाही, खेळणाऱ्यालाच द्यायचं. ते ऐकल्यावर मला हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी त्याचा गल्ल्यावरचा छोटा काटा उगाच उचलून बरोबर आहे का ते बघितलं. बरोबर होता.

सैन्य बदलायची कल्पना तुमची होती. मला तुमच्याकडून घेतलेल्या गोष्टी कबूल करायला आवडत नाहीत, पण ही कबूल. सासूबाई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा तुमच्याबरोबर एक सुटकेस आणि ते भलंमोठं टेबल आलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. टेबलाशिवाय झोप येईना. मी त्या टेबलावर पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडल्या आणि तुम्ही अर्ध्या तासात त्या सगळ्या उचलून पुन्हा मांडल्यात, कारण पाणी असं वाहणारच नाही म्हणालात. तेव्हाच मी ओळखलं की हा गडी खेळणार. मी रोमन घेतले, तुम्ही त्यांचं वैरी राज्य, कार्थेज, घेतलंत, आणि पहिल्या महिन्यात तुमच्या लक्षात आलं की मी माझ्या उत्तम रंगवलेल्या तुकडीला पुढेच काढत नाही. "स्वतःच्या हातानं रंगवलेलं माणूस मरू देत नाही," तुम्ही म्हणालात. "असं करू, तुमचं मी रंगवतो, माझं तुम्ही रंगवा." तेव्हापासून तुमचं सैन्य माझ्या कुंचल्याचं आणि माझं तुमच्या. जिंकलं तरी आपलंच काहीतरी पडलेलं असायचं. हरलं तरी समोर उभं असलेलं आपण केलेलं असायचं. असा खेळ दुसरीकडे कुठे कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही, आणि मी या बाबतीत बरंच वाचलेलं आहे.

माझ्या रोमनांत तुमची ती डावरी तुकडी अजून आहे. हात वेगळे, ढाली वेगळ्या अशा आलेल्या शिपायांना तुम्ही एका दुपारी भराभर चिकटवलंत आणि सगळ्यांच्या ढाली उजव्या हातात दिल्यात, कारण तुम्ही स्वतः डावरे. मी घरी आलो, पाहिलं, आणि मला घाम फुटला. मी तुम्हाला पुस्तक उघडून दाखवलं की रोमन रांगेत ढाल डाव्याच हातात, डावऱ्यालाही सूट नाही, नाहीतर शेजाऱ्याला कोपर लागून रांग मोडते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सासऱ्यावर गेलेत, त्याला कोण काय करणार?" आतून तुमच्या लेकीचं हसू ऐकू आलं. गोंद मऊ करून ढाली बदलायला मला तासभर पुरला असता. मी ती तुकडी रांगेच्या अगदी टोकाला उभी करायला लागलो, जिथे शेजारीच नाही. एवढी वर्षं कोणी विचारलं असतं तर मी त्याला काहीतरी शास्त्रीय कारण तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

घर मोडलं तेव्हा वाटणी फार सभ्यपणे झाली. शिलाई मशीन तिला, पुस्तकं तिला, फ्रिज मला, कारण तो दारातून निघेना. तिचं आणि माझं का फाटलं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे, मी ते उगाळत नाही. दोघंही माणसं बरी होतो, एका खोलीत ठेवली की हवा कमी पडायची. ती आता सुखी आहे असं ऐकतो आणि ते मला खरोखर बरं वाटतं. पण त्या सगळ्या वाटणीत तुमचं काय करायचं हे कोणीच बोललं नाही. आपल्याकडे साडू, व्याही, विहीण, जाऊ, नणंदेचा नवरा, सगळ्यांना हाक मारायची सोय आहे. लेकीचा जुना नवरा आणि बायकोचा जुना बाप एकमेकांचे कोण लागतात याला मात्र शब्द नाही. शब्द नाही म्हणून मग नातंही नाही, असं आपण धरून चाललो.

तो शेवटचा रविवार. डाव तुम्ही पुरा केलात, हरलात, नेहमीसारखा हात मिळवलात. मग हत्ती एकेक करून कापसात गुंडाळताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "जावईबापू, आता हे बरं दिसायचं नाही. पोरीच्या घरी राहायचं आणि रविवार आला की तुमच्यासमोर येऊन बसायचं, तिला काय वाटेल?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. आत ती पुस्तकांच्या पेट्यांना दोऱ्या बांधत होती, दोरी ओढल्याचा आवाज येत होता. आपण दोघं किती समजूतदार आहोत असं तेव्हा मला वाटलं होतं. टेबल नव्या घरात मावणार नाही म्हणून माझ्याकडेच राहिलं. हत्ती तुमच्याबरोबर गेले.

त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर मी जेवतो. उरलेल्यावर तुमच्या टेकड्या तशाच आहेत, पाणी जसं वाहायला हवं तशा. मधल्या काळात मी असा खेळ खेळणाऱ्या दोन मंडळांत जाऊन पाहिलं. एका मंडळात सगळे बोलतात फार आणि फासे टाकतात टेबलाखाली. दुसऱ्यात एक गृहस्थ होता, व्यवसायानं कुलपं दुरुस्त करणारा, खेळायचा चांगला, पण त्याच्या घोड्यांना रंगच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "घोडा म्हणून चालतोय ना?" मी पुन्हा गेलो नाही. एकट्यानं दोन्ही बाजू खेळून पाहिल्या. त्यात मी दोन्हीकडून हरतो. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यापासून माझ्या सैन्यात एकही शिपाई भरती झालेला नाही. विकत आणतो, घासतो, चिकटवतो, रंगाआधीचं राखाडी अस्तर मारतो आणि मग थांबतो. पुढचं काम तुमचं होतं ना. खिडकीच्या फळीवर लांडग्याचं कातडं डोक्यावर घेतलेल्या पोरसवदा भालाइतांची अख्खी रांग राखाडी उभी आहे. घर साफ करायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "दादा, यांना आजार झालाय का?" मी म्हटलं, रजेवर आहेत.

आता त्या दुकानातलं उरलेलं सांगतो, जे मला सांगायला जड जातं. सैन्य पेटीत भरताना दुकानदारानं एक पत्र्याचा डबा वेगळा काढून ठेवला. म्हणाला, "हे नकोत तुम्हाला. कोणा पोरानं रंगवून बिघडवलेत. रंग काढून नवे म्हणून विकीन." डब्यात भालेवाले होते, मी न पाहिलेले, म्हणजे आपण वेगळे झाल्यानंतरचे. तुमचं सैन्य रंगवणारा घरात राहिला नव्हता, तेव्हा ते तुम्ही स्वतः रंगवले असणार. मी एक उचलून उजेडात धरला आणि पहिल्यांदा मला रागच आला. चेहरा नाही. छातीवरचा पट्टा नाही, तिथे नुसतं अस्तर. पण अंगरख्याच्या काठावरची रेघ अशी काढलेली, की तशी मलाही काढता येणार नाही. नकाशातल्या नदीसारखी, एका जाडीची, एका श्वासाची. पायाखालचं गवत सुरेख. कडा सगळ्या अचूक, आणि मध्ये काही नाही.

मला वाटलं, अर्धवट राहिले असतील. मग डब्यातल्या ओळी पाहिल्या. तुम्ही सगळं क्रमानं ठेवणारे, डबाही तसाच भरलेला. पहिल्या ओळीतल्यांना चेहरे होते, जरा पुसट. दुसऱ्या ओळीत डोळे गालावर आलेले. शेवटच्या ओळीत चेहराच नाही, आणि काठाची रेघ मात्र तशीच. अर्धवट राहिलेला शिपाई असा नसतो, अण्णा. आपण आतून बाहेर रंगवतो. आधी कातडी, मग कापड, मग धातू, काठ सर्वांत शेवटी. चेहरा सोडून काठ आधी करणारे तुम्ही नव्हेत. मी काट्यांचा माणूस आहे. एखाद्या वेळी वजन चुकलं तर ती चूक असते. दर वेळी एकाच बाजूला, एकाच मापानं चुकत असेल, तर आत काहीतरी सरकलेलं असतं. मी तो शिपाई हातात धरला आणि त्याच्या चेहऱ्याकडे थेट न बघता खांद्याच्या पलीकडे बघत राहिलो. तसं पाहिलं की काठ नीट दिसतो आणि मधलं निसटतं. मग मी दुकानदाराला विचारलं, आजोबा आले कसे होते? तो म्हणाला, "एका डॉक्टरांचा हात धरून. पायरी आली की ते सांगत होते." मी तो डबाही घेतला. त्याला म्हटलं, हे सैन्य तुटक विकायचं नाही.

तेव्हा तुमच्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालंय, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या लेकीनं नाही, शेजाऱ्यांनी नाही. तुमच्याच शिपायांनी सांगितलं. हे आधी लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण जी गोष्ट दोघांनाही माहीत आहे ती टेबलावर न मांडता खेळणं मला जमत नाही.

तुमचे नवे जावई, हे डॉक्टर, भले गृहस्थ आहेत असं मी ऐकून आहे. तुमचा हात धरून त्यांनी तुम्हाला दुकानापर्यंत आणलं आणि घाई केली नाही, हे दुकानदारानं आपणहून सांगितलं. दातांचे डॉक्टर म्हणजे त्यांच्याकडे कोरायची काय एकेक हत्यारं असतील, त्या विचारानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हत्तींचे कान करताना तसला एखादा आकडा हाताशी असता तर कोबी झाला नसता. ते रविवारी तुमच्यासमोर बसतात का हे विचारायचा मला हक्क नाही. बसत असतील तर आनंद आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. पण सैन्य दुकानात आलं त्याअर्थी बसत नसावेत, असंही मनात आलं, आणि त्याचा मला जो आनंद झाला तो काही फार चांगल्या जातीचा नव्हता.

गेले काही आठवडे मी संध्याकाळी काय करतो आहे ते सांगतो. प्रत्येक शिपायाच्या पायाखालच्या चकतीला कानस लावली. तुमच्या सैन्याच्या चकत्यांना कडेनं खाच आहे, माझ्या गुळगुळीत आहेत. बोट फिरवलं की आपला कोण, परका कोण ते कळतं. तुकडी ओळखायला मागच्या बाजूला बारीक खिळ्यांची डोकी बसवली, घोडदळाला एक, भालेवाल्यांना दोन, याप्रमाणे. हत्तींना काही केलं नाही. हत्ती हाताला लागला की हत्तीच असतो. नदीच्या जागी सुतळी चिकटवली आणि टेकड्यांच्या कडा वाळूच्या कागदानं खरखरीत केल्या. टेपऐवजी लाकडी पट्टी केली आहे, बोटाला लागतील अशा खाचांची. ती मी माझ्या कामाच्या मापाशी लावून तपासली आहे, तेव्हा अंतरावरून भांडायचं असेल तर जपून भांडा. फासे मोठे आहेत, खोल टिंबांचे. मग मी स्वतः डोळ्यांना फडकं बांधून एक डाव खेळून पाहिला. माझाच सेनापती टेबलाखाली गेला आणि त्याची मान तुटली. चिकटवली आहे, सांधा दिसत नाही. पण एक लक्षात आलं, की मला टेबल आठवत नव्हतं, तुम्हाला आठवेल. अख्ख्या शहराच्या नळांचा नकाशा ज्याच्या डोक्यात बसला होता त्याला एक टेबल जड नाही. आणि सैन्याला हात लागला की चाल झाली, हा आपला जुना नियम मी रद्द केला आहे. हवा तितका वेळ हात फिरवा. मी नियम सैल करतो आहे ही बातमी तुम्ही शेजारीपाजारी सांगितलीत तरी कोणाचा विश्वास बसणार नाही.

त्या डब्यातल्या शिपायांना मी अजून कुंचला लावलेला नाही. नियमानं ते काम माझंच होतं, तुम्ही माझ्या वाटचं करून ठेवलंत आणि मधलं माझ्यासाठी सोडलंत असंच मी धरतो. चेहरे मी देईन, पण तुमच्या काठाला धक्का न लावता, आणि तुम्ही हो म्हणाल तेव्हा. माझी राखाडी रांग आता तशीच खेळेल. तिला रंग लावायला मला दुसरा कोणी नको आहे.

आता एवढं मोठं पत्र का लिहिलं, फोन का केला नाही, ते सांगतो. फोन केला असता तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि आपण दोघांनी पुन्हा एकदा परस्पर समजूतदारपणा केला असता. पत्र तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. म्हणजे ते वाचणारी एकच, आणि मला हवी होती तीही तीच. इथपर्यंत सगळं तिच्याच आवाजात झालं असेल, माझे स्वल्पविराम गिळत, लांब वाक्याच्या शेवटी जरा दम घेत. अण्णा, बरं दिसतं की नाही, तिला काय वाटेल, हे त्या रविवारी आपण दोघांनी ठरवून टाकलं. ती शेजारच्या खोलीत होती. आपण तिला विचारलंच नाही. म्हणून आता तुमच्यादेखत विचारतो, आणि तुम्ही मध्ये बोलू नका: रविवारी दुपारी मी टेबलाच्या फळ्या सुट्या करून घेऊन आलो, तर तुझ्या वडिलांबरोबर एक डाव खेळलेला तुला चालेल का? मला दुसरं काही नको. बसायला पुढची खोली, नाहीतर जिन्याखालची जागाही चालेल, आणि संध्याकाळी मी फळ्या उचलून निघून जाईन. हे वाचून ती लगेच काही बोलणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण हो म्हणायचं असलं की तोंडानं म्हणायच्या आधी ती नाकातून एक छोटा श्वास सोडते, हसू आवरल्यासारखा. तुमचे कान शाबूत आहेत. तो आला का, एवढं मला कळवा.

तुमचाच